साडेसहाची बॅच

रावपुऱ्यात झेरॉक्सच्या दुकानावर दुसरा मजला,
जिन्यात टोनरचा वास,
सतरा जण, एक पंखा.
मी फळ्यावर लिहिते: पुट.
मग त्याच्या शेजारी अंगठ्याएवढा एकेक शब्द
ठेवते नि पुसते.
पुट ऑन, अंगात घालणं. पुट ऑफ, पुढे ढकलणं.
पुट आउट, विझवणं.
पुट अप विथ...
"सासू," मागच्या बाकावरून भार्गव.
सगळे हसतात. मीही.
त्यांना सहन करायला तीन शब्द लागतात.
माझी आई एकात भागवायची: सोस.

मे महिना, बाहेर त्रेचाळीस,
आणि मी शिकवतेय कोल्ड फीट.
ऐन वेळी कच खाणं, सांगते.
"पण मॅडम, पाय गार का?"
मला ठाऊक नाही.
कुठल्याशा थंड गावात कुणी लग्नाच्या सकाळी
बूट न घालताच पळालं असेल.

क्रोकोडाइल टिअर्सला वर्ग माझ्यावर उलटतो.
"विश्वामित्रीच्या मगरी रडत नाहीत, मॅडम.
पूर आला की सोसायटीच्या पार्किंगमध्ये येतात,
अ‍ॅक्टिव्हाशेजारी पडून राहतात
रेस्क्यूवाले येईपर्यंत."
मी डस्टर उचलते. पुढचा.

पहिल्या बाकावर कुमुदबेन अमीन, वय एकसष्ट.
विनिपेगला मुलीचं बाळंतपण,
चौदा तारखेचं तिकीट.
वहीत डावीकडे इंग्रजी, उजवीकडे गुजराती,
मधे पट्टीनं आखलेली तांबडी रेघ.
लुक आफ्टर त्यांना सांगावंच लागलं नाही.
लुक डाऊन ऑन समजावायला गेले तर म्हणाल्या,
"ए तो खबर छे."

काल त्यांनी हात वर केला.
"रही गयुं. एने इंग्लिशमां शुं के'वाय?"

मिस्ड, म्हटलं मी.
मान हलली. मिस तर बस होते.
लेफ्ट आउट?
ते कुणीतरी वगळतं. इथे कुणी काही केलेलं नाही.
मिस्टरांना एकदा विमानात बसवायचं होतं,
त्या सांगू लागल्या. रही गयुं.
बी.ए.चं शेवटचं वर्ष. रही गयुं.
नेव्हर गॉट अराउंड टू, मी चाचरत म्हटलं,
त्यात जरा आळसाचा वास येतो,
दोष आपल्याच पदरात पडतो.

आमच्यातही तेच, कुमुदबेन: राहून गेलं.
एका श्वासात राहणं आणि जाणं,
जे राहिलं तेच गेलं,
आणि ज्याच्या हातून झालं नाही
त्याचं नावसुद्धा वाक्यात येत नाही.

मी फळ्यावर लिहिलं: रिमेन. गो.
दोन शब्द एकमेकांकडे पाठ करून उभे.
भार्गव हसला नाही.

माझ्या कपाटात लेस्टरचं एक ऑफर लेटर आहे,
अठ्ठ्याण्णव सालचं,
याच खालच्या दुकानात लॅमिनेट केलेलं.
गिव्ह अप म्हणजे सोडून देणं,
गिव्ह इन म्हणजे मान तुकवणं,
परीक्षेत हमखास येतं,
दरवर्षी मी उदाहरणं बदलते.

कुमुदबेननी उजवीकडे लिहिलं: रही गयुं.
डावीकडची ओळ कोरी ठेवली,
तिथे पेन्सिलीनं फक्त एक टिंब.

साडेसातला कठडा धरून उतरताना
त्या पायरीगणिक पुटपुटत होत्या:
गेट ऑन, गेट ऑफ, गेट बाय.
खाली सेव-उसळच्या गाडीवर मी विचारलं,
तिखट झेपेल ना?
"पुट अप विथ," म्हणाल्या,
आणि वरून आणखी तर्री मागितली.